गांधीजींच्या उरलेल्या अस्थी

कटकच्या स्टेट बँकेत एक लाकडी पेटी होती. १९५० मध्ये ती ठेवली गेली तेव्हा स्टेट बँक जन्मालाही आली नव्हती; तेव्हाची ती इम्पीरियल बँक. १९५५ला बँकेचं नाव बदललं, ओरिसात सरकारं आली नि गेली, पेटी होती तिथेच राहिली. तिच्यात महात्मा गांधींच्या अस्थी होत्या. नव्वदच्या दशकात ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली आणि गांधीजींचे पणतू तुषार गांधी यांनी त्या मागितल्या. मागितल्या आणि मिळाल्या, असं काही झालं नाही. प्रकरण न्यायालयात गेलं, न्यायालयाच्या आदेशाने पेटी त्यांच्या हाती आली आणि ३० जानेवारी १९९७ रोजी, हत्येला एकोणपन्नास वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, प्रयागला संगमावर त्या अस्थींचं विसर्जन झालं.

घरात कोणी गेलं की अस्थींचं काय करायचं हे आपल्याकडे कोणाला विचारावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी सावडायच्या, दहाव्या-तेराव्याच्या आत नदीत सोडायच्या. लगेच जमत नसेल तर मडकं घराबाहेर झाडाला टांगून ठेवायचं, पण सोडायच्याच. मग देशातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या अस्थी सत्तेचाळीस वर्षं बँकेत कशा राहिल्या? हलगर्जीपणा हे एक उत्तर झालं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. कारण कटकची पेटी एकटी नव्हती.

१९४८ मध्ये काय ठरलं

३० जानेवारी १९४८, शुक्रवार. बिर्ला भवनात संध्याकाळच्या प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर नथुराम गोडसेने गोळ्या झाडल्या. ज्या प्रार्थनेला ते निघाले होते तीच तेव्हाच्या दिल्लीत वादाचा विषय होती. गीतेतले श्लोक, कुराणातल्या आयती, पारशी प्रार्थना, जपानी बौद्ध मंत्र, रामधून असं सगळं तिच्यात एकापाठोपाठ येई. फाळणीच्या जखमा ओल्या असताना कुराण ऐकायला अनेकांची तयारी नव्हती. सभेत कोणी उठून हरकत घेई, आणि आक्षेप घेणारा एकटा असला तरी गांधीजींनी प्रार्थनाच थांबवल्याचे प्रसंग आहेत. दहा दिवस आधी, २० जानेवारीला, याच आवारात गोडसेच्या कटातल्या मदनलाल पाहवाने स्फोट घडवला होता. म्हणजे हा माणूस मारला गेला तो देवाचं नाव घ्यायच्या वाटेवर, आणि त्याच्या देवाचं नाव घेण्याच्या पद्धतीवरूनच वाद पेटलेला होता. पुढचं सगळं समजायला एवढं ध्यानात असलेलं बरं.

त्या रात्रीच पहिला प्रश्न आला. देह काही दिवस टिकवून दर्शनाला ठेवावा, असं माउंटबॅटन यांनी सुचवलं. गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांनी ते तिथल्या तिथे मोडून काढलं. बापूंनी आपल्याला बजावून ठेवलं आहे, देह राखायचा नाही, हिंदू रीतीप्रमाणे अग्नी द्यायचा. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत पक्का पुरावा आहे. स्वतःच्या देहाचं काय करायचं याबद्दल गांधीजींची इच्छा इतकी स्पष्ट नोंदलेली असताना पुढे जे जे ठेवलं गेलं ते त्या इच्छेच्या उलट होतं, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा निघाली ती लष्कराच्या व्यवस्थेत. अहिंसेच्या पुजाऱ्याचा देह लष्करी शस्त्रवाहू गाडीवर, आणि ती गाडी दोरखंडांनी ओढणारे तिन्ही दलांचे जवान. यमुनाकाठी अग्नी दिला तो तिसऱ्या मुलाने, रामदास यांनी. थोरला हरिलाल त्या जागी नव्हता. त्याच्याकडे पुढे यायचंच आहे. चिता थंड झाल्यावर राख सावडताना तिच्यात बंदुकीची गोळी सापडली. ज्या रामदासांनी अग्नी दिला त्यांनीच पुढे गोडसेला फाशी देऊ नये म्हणून सरकारकडे रदबदली केली, आणि थोरले भाऊ मणिलाल यांनीही केली. ती मान्य झाली नाही.

मग अस्थींची वाटणी. मुख्य कलश ११ फेब्रुवारीला खास गाडीने दिल्लीहून प्रयागला निघाला. गाडीला तिसऱ्या वर्गाचे डबे होते, कारण जिवंतपणी ते त्याच वर्गाने फिरले. १२ फेब्रुवारीला, तेराव्या दिवशी, संगमावर विसर्जन झालं. कलश ज्या फोर्ड ट्रकवरून नेला तो प्रयागच्या संग्रहालयात आजही ठेवलेला आहे. त्याच वेळी प्रांतोप्रांती छोटे कलश गेले होते. नाशिकला गोदावरीत, पवनारला धाम नदीत, कन्याकुमारीला समुद्रात, देशाबाहेर युगांडात जिंजापाशी नाईलच्या उगमाजवळसुद्धा अस्थी सोडल्या गेल्या. पुढे १९९७ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांनी जिंजाला गांधीजींच्या अर्धपुतळ्याचं अनावरण केलं.

वाटणीमागचा विचार उघड आहे. तेव्हाच्या भारतात लाखो माणसं प्रयागला पोचू शकणार नव्हती. कलश त्यांच्या नदीवर आला की सुतक सगळ्या देशाचं झालं. प्रत्येक नदी त्या दिवसापुरती गंगा झाली. राष्ट्र म्हणून एकत्र रडायची इतकी मोठी सोय याआधी कोणी केलेली नव्हती. पण वाटणीत एक फट राहिली. गेलेला प्रत्येक कलश रिकामा झाला का, हे कोणी विचारलं नाही. कटकची पेटी त्या फटीतून घरंगळलेली.

सरकारचा धर्म कोणता?

इथे नेहरूंकडे जरा पाहावं लागतं. कर्मकांडावर विश्वास नसलेला हा माणूस मंत्रघोषात गांधीजींच्या अस्थींना निरोप द्यायला संगमावर उभा होता. सहा वर्षांनी, जून १९५४ मध्ये, त्याने स्वतःचं मृत्युपत्र लिहिलं तेव्हा धार्मिक विधी नकोत असं त्यात घातलं. मूठभर राख गंगेत आणि बाकीची विमानातून शेतांवर उधळा, म्हणाला. १९६४ मध्ये तो गेला तेव्हा अस्थी त्याच्या इच्छेप्रमाणे उधळल्या गेल्या, पण अंत्यसंस्कार मात्र मंत्रांसकट झाले. मेलेल्या नेत्याचं म्हणणं आणि जिवंतांची गरज यांत दुसरीच जिंकते, याला हे दुसरं उदाहरण.

गांधीजींच्या बाबतीत सरकारने एक मधली वाट काढली आणि ती टिकली. विधी हिंदू, प्रार्थना सर्वधर्मीय. राजघाटावर आज जे चालतं ते हेच. १९५१ मध्ये संसदेने राजघाट समाधीसाठी स्वतंत्र कायदा केला. वास्तुकार वनू भुता यांनी काळ्या संगमरवराचा उघड्यावरचा चौथरा योजला, वर छप्पर नाही, मूर्ती नाही, ‘हे राम’ ही अक्षरं आणि एक अखंड ज्योत. पादत्राणं बाहेर काढायची. परदेशचा पाहुणा, मग तो कुठल्याही धर्माचा असो, अनवाणी किंवा मोज्यांवर चालत जाऊन पुष्पचक्र वाहतो. शुक्रवारी प्रार्थना होते, कारण हत्या शुक्रवारची. देऊळ म्हणावं तर देऊळ नाही, आणि नाही म्हणावं तर चपला बाहेर.

गांधीजींना हे कसं वाटलं असतं, याचा अंदाज बांधायला फार लांब जायला नको. आपल्या मूर्तीची पूजा चालते अशा एका देवळाची बातमी वाचून त्यांनी १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये तिला मूर्तिपूजेचा ओबडधोबड प्रकार ठरवलं होतं. सप्टेंबर १९४७ मध्ये मुंबईत त्यांचा दहा लाखांचा पुतळा उभारायचं घाटत होतं. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की लोकांना अन्नवस्त्र मिळत नसताना पुतळ्यावर पैसा नको. मुंबईत घाण आहे, गर्दी आहे, गरिबांना दाटीवाटीने राहावं लागतं, त्या दहा लाखांचं काही लोकोपयोगी करा. तरी पुतळे झालेच. चलनी नोटेवर तर तेच आहेत.

ठेवायच्या की सोडायच्या

सोडलेल्या अस्थींबद्दल कोणी भांडत नाही. भांडण ठेवलेल्यांचं.

रामपूरचं उदाहरण मला सर्वांत हृद्य वाटतं. नवाब रझा अली खान यांनी दिल्लीहून अस्थी संस्थानात आणवल्या. काही कोसी नदीत सोडल्या, उरलेल्या जमिनीत पुरून वर समाधी बांधली. मुसलमान संस्थानिकाने हिंदूच्या अस्थींचा अर्धा संस्कार हिंदू रीतीने केला आणि अर्धा दफनासारखा. शास्त्र पाहणाऱ्याला यात चुकाच दिसतील. पण कुराण वाचू द्या म्हणून अडून बसलेल्या माणसाला याहून शोभणारं स्मारक मला तरी सुचत नाही.

लॉस एंजेलिसजवळ पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये परमहंस योगानंदांनी १९५० मध्ये तळ्याकाठी एक स्मारक केलं. तिथे एका प्राचीन चिनी दगडी पेटीत गांधीजींच्या अस्थींचा अंश आहे. तो पाठवणारा माणूस पुण्याचा, प्रकाशक आणि पत्रकार डॉ. व्ही. एम. नवले. आणि पुण्यातच नगर रस्त्यावर, १९४२ मध्ये गांधीजींना जिथे स्थानबद्ध केलं त्या आगाखान पॅलेसच्या आवारात, कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या समाध्यांपाशी गांधीजींच्याही अस्थी आहेत. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ला, स्थानबद्धतेच्या पहिल्याच आठवड्यात गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ला, महाशिवरात्रीच्या दिवशी. दोघांनाही तिथेच अग्नी दिला. गांधीजी कैदेत होते तोवर रोज महादेवभाईंच्या समाधीवर फुलं वाहायला जात. समाधीला जाण्याचा हा नेम त्यांनी स्वतः पाळला होता, त्यामुळे स्मारकं त्यांना सरसकट नापसंत होती असंही म्हणता येत नाही. प्रेमाच्या माणसाच्या समाधीवर फूल आणि स्वतःच्या मूर्तीला नकार, असा त्यांचा हिशेब दिसतो.

कन्याकुमारीला अस्थी नाहीत; विसर्जनाआधी कलश जिथे ठेवला ती जागा आहे. १९५६ मध्ये तिच्यावर मंडप झाला. घुमट ७९ फुटांचा, आयुष्याच्या वर्षांइतका, आणि २ ऑक्टोबरला दुपारचं ऊन छतातल्या भोकातून बरोबर त्या जागेवर पडतं. ही क्लृप्ती देवळांच्या शिल्पशास्त्रातून उचललेली. अस्थी सोडून दिल्या तरी जागा ठेवून घ्यायची हौस भागते ती अशी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे बाबासाहेब आठवल्याशिवाय राहणार नाहीत. दादरची चैत्यभूमी आणि नागपूरची दीक्षाभूमी, दोन्हीकडे त्यांच्या अस्थी आहेत, लाखो लोक येतात, आणि त्या नदीत सोडाव्यात अशी मागणी कोणी करत नाही. करण्याचं कारणच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला त्यांनी जो धर्म स्वीकारला त्यात धातू, म्हणजे अस्थी, जपून त्यावर स्तूप बांधणं ही अडीच हजार वर्षांची रीत आहे. स्मृती जपणं आणि धर्म पाळणं तिथे एकाच दिशेला जातं. गांधीजींच्या बाबतीत दोन्ही एकमेकांच्या पायात येतात. हिंदू रीत म्हणते, मागे काही ठेवू नका, आत्मा अडकतो. राष्ट्र म्हणतं, काहीतरी हाताशी राहू द्या. सगळी गुंतागुंत या एका गाठीतून आली आहे.

मुंबई, २००८

ही गाठ सर्वांत स्पष्ट दिसली ती गिरगाव चौपाटीवर. दुबईतल्या एका भारतीय उद्योजकाच्या घरी वडिलांपासून चालत आलेला एक कलश होता. त्याने तो गावदेवीतल्या मणिभवनाकडे पाठवला. मणिभवन म्हणजे गांधीजींचं मुंबईतलं मुक्कामाचं घर, आता संग्रहालय. संग्रहालयाला तो जपून ठेवावासा वाटला, यात नवल नाही. त्यांचं कामच ते. पण गांधी कुटुंबाने हरकत घेतली. अस्थी ही मांडून ठेवायची वस्तू नव्हे, सोडा.

संग्रहालयाने मान्य केलं. ३० जानेवारी २००८ला, साठाव्या स्मृतिदिनी, चौपाटीवरून बोटीने कलश समुद्रात नेला आणि विसर्जन केलं नीलमबेन पारीख यांनी. नीलमबेन ही हरिलालची नात.

हरिलालचं वडिलांशी कधीच जमलं नाही. दारू, कर्ज, जाहीर भांडणं. १९३६ मध्ये तो मुसलमान होऊन अब्दुल्ला झाला, वर्तमानपत्रांनी मथळे केले, काही महिन्यांत आर्य समाजाकडून परत हिंदू झाला. त्या वेळी गांधीजींनी लिहिलं त्याचा आशय असा होता, की मनापासून धर्म बदलला असता तर तक्रार नव्हती. वडिलांना अग्नी द्यायचा मान थोरल्याचा. तो रामदासांकडे गेला. वडिलांमागोमाग जून १९४८ मध्ये हरिलालही गेला, मुंबईतच, शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात. साठ वर्षांनी त्याच शहरात त्याच्या नातीने ते राहिलेलं काम केलं. घराच्या दृष्टीने ही गोष्ट पूर्ण झाली. सार्वजनिक स्मृतीच्या दृष्टीने पाहिलं तर राष्ट्रपित्यावर कुटुंबाचा हक्क पहिला, असा पायंडा त्या दिवशी पडला, आणि मला तो बरोबर वाटतो. राष्ट्रपिता झाला म्हणून बाप असणं संपत नाही. २०१० मध्ये डर्बनलाही असंच झालं. तिथल्या एका कुटुंबाने जपलेल्या अस्थी गांधीजींची नात इला गांधी आणि इतर नातलगांच्या उपस्थितीत समुद्रात सोडल्या गेल्या.

गिरगावच्या याच चौपाटीवर १९२० मध्ये लोकमान्यांचं दहन झालं होतं, आणि त्यांच्या पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते.

पुण्यातला दुसरा कलश

हे प्रकरण मराठीत लिहायचं आणि नथुरामच्या अस्थींबद्दल गप्प बसायचं, हे जमणार नाही. १५ नोव्हेंबर १९४९ला अंबाला तुरुंगात गोडसे आणि त्याचा साथीदार नारायण आपटे यांना फाशी झाली. त्यांचं स्मारक उभं राहू नये म्हणून सरकारने देह नातेवाइकांना दिले नाहीत, दहन तुरुंगातच उरकलं आणि राख घग्गर नदीत सोडली. तरी त्यातल्या काही अस्थी मिळवल्या गेल्या, असं सांगितलं जातं, आणि त्या पुण्यात कुटुंबाकडे जपून ठेवलेल्या आहेत. मृत्युपत्राप्रमाणे त्या सिंधू नदीतच सोडायच्या, आणि तेही सिंधू पुन्हा भारताच्या झेंड्याखाली वाहू लागेल तेव्हा. दरवर्षी १५ नोव्हेंबरला कलशापुढे ती प्रतिज्ञा म्हटली जाते.

दोन्ही बाजूंना रीत एकच आहे हे पाहण्यासारखं. विसर्जन म्हणजे सुटका, हा अर्थ दोघांनाही मान्य. गांधीजींच्या अस्थी विसराळूपणामुळे किंवा प्रेमापोटी राहून गेल्या. या मात्र ठरवून ठेवल्या आहेत. न केलेलं विसर्जन हाच तिथे संदेश. सरकारने राख नदीत टाकून स्मृती पुसायचा प्रयत्न केला आणि नेमकी तीच राख स्मारक झाली. स्मृती हुकमाने पुसायला गेलं की असं होतं, हे कोणत्याही बाजूच्या सरकारने ध्यानात घ्यावं.

महाराष्ट्रापुरती या सगळ्याला आणखी एक राख चिकटलेली आहे. हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं पेटवली गेली, माणसं मारली गेली, कित्येक कुटुंबं गावं सोडून शहरात आली. ‘अठ्ठेचाळीसची जाळपोळ’ एवढ्या दोन शब्दांत ती आठवण अनेक घरांत पुढे आली. त्या घरांत ३० जानेवारीला गांधीजींपेक्षा आपलं जळालेलं घर आधी आठवलं, तर त्यांना दोष देता येणार नाही. पण त्या रागाचं माप गांधीजींच्या पदरात टाकणं हा उलटा न्याय झाला. जाळणाऱ्यांनी त्यांचं नाव घेतलं, त्यांचं ऐकलं नव्हतं.

पवनार आणि रेवा

एका ठिकाणी मात्र विसर्जनानंतर काहीतरी वेगळं उगवलं. पवनारला धाम नदीत अस्थी सोडल्या गेल्या, आणि विनोबांनी १२ फेब्रुवारी ही तारीख धरून सूतांजली सुरू केली. ज्याला गांधीजींची आठवण ठेवायची आहे त्याने स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी, म्हणजे लड, आणून अर्पण करावी. फूल विकत मिळतं, पुष्पचक्र सरकारी खर्चाने येतं. गुंडी मात्र बसून कातावी लागते. सर्वोदय मेळ्यात या गुंड्यांचे ढीग लागत, आणि त्या सुताचं पुढे कापड होई. अस्थींसारखी ही आठवण जपत बसायची नाही, दर वर्षी नवी करायची. आता चरखे कमी झाले आणि गुंड्याही. राजघाटाची गर्दी पवनारला कधी नव्हतीच.

आणि ठेवलेल्या अस्थींना राखण लागते. मध्य प्रदेशात रेवा इथे बापू भवनात १९४८ पासून काही अस्थी ठेवल्या होत्या. २ ऑक्टोबर २०१९ला, दीडशेव्या जयंतीच्या दिवशी, त्या चोरीला गेल्याची तक्रार पोलिसांकडे आली. गांधीजींच्या चित्रावर कोणीतरी ‘राष्ट्रद्रोही’ असं खरडून ठेवलं होतं.

कटक आणि रेवा इथे जे झालं ते पाहता, संग्रहालयांत आणि कपाटांत अजून काही कलश असतील तर ते कुटुंबाच्या हाती देऊन सोडून द्यावेत, असं माझं मत आहे. रामपूर, पुणे, लॉस एंजेलिस या जागांना ते लागू करू नये. तिथे समाधी फोडल्याशिवाय अस्थी निघणार नाहीत, आणि त्या तिथे ठेवणाऱ्यांनी त्या विसरून ठेवल्या नव्हत्या.